पेशीकेंद्रापासून पाऊलवाटेपर्यंत : आचार्य दामोदर धर्मानंद कोसंबी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर मराठी पुरुषाचे चरित्र असावे, हे औचित्याला धरूनच आहे. ब्राह्मणपाऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला पंडित माधवराव सप्रे यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. पेंड्र्यासारख्या आडगावातून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढणाऱ्या सप्रेजींचे नाव येथील शाळेच्या रूपाने रोज आपल्या कानांवर पडते. लोकमान्य, आगरकर, केतकर, राजवाडे हीही नावे आपल्या घरांतून आदराने उच्चारली जातात. परंतु ज्याच्या नावाचे एक सूत्र जगातील वनस्पतिशास्त्रज्ञ आजही वापरतात, ज्याच्या ग्रंथांनी प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाची दिशा बदलली आणि जो व्यवसायाने आयुष्यभर गणिताचा प्राध्यापक होता, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्या पिढीतील कित्येकांनी केवळ ऐकलेले असते. त्यांच्या वडिलांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक कपाटात असते, मुलाचे नसते. ही उणीव काही अंशी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोसंबींविषयी बोलताना त्यांचे कौतुक बहुधा एकाच प्रकारे केले जाते. त्यांना गणित येत होते, संस्कृत येत होते, नाण्यांचे ज्ञान होते, जनुकशास्त्रात त्यांनी काम केले, डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या, अशी यादी दिली जाते आणि ऐकणारा थक्क होतो. पण नुसते थक्क होण्याने हाती काहीच लागत नाही. हे सारे विषय एकाच माणसाने एका आयुष्यात कसे हाताळले, आणि एकातून दुसरा कसा निघाला, हे पाहिले पाहिजे. तसे पाहू गेल्यास ध्यानात येते की, हा मनुष्य अनेक विषयांत विखुरलेला नव्हता. त्याची रीत एकच होती. क्षेत्रे मात्र बदलत गेली.

जन्म आणि शिक्षण

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात, कोसबेन या गावी झाला. वडील धर्मानंद हे सांखवाळचे. बुद्धधर्माच्या ज्ञानासाठी त्यांनी १८९९ साली घर सोडले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास केला. सिंहलद्वीपात भिक्षुदीक्षा घेतली आणि पालीचे भारतातील अग्रगण्य पंडित म्हणून ते परतले. 'निवेदन' या आत्मचरित्रात ही सारी हकीकत त्यांनी निर्व्याज भाषेत सांगितली आहे. ज्ञानासाठी पायी हिंडण्याचा वारसा मुलाला येथूनच मिळाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना पाचारण झाले होते. १९१८ साली ते दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले, तेव्हा थोरली कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासमवेत होते. केंब्रिज या तेथील गावी मुलाचे शालेय शिक्षण झाले. मधला काही काळ मायदेशी काढून १९२६ साली तो हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि १९२९ साली तेथील सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणिताबरोबरच त्याने युरोपीय भाषा आत्मसात केल्या. नॉर्बर्ट वीनर यांच्यासारख्या गणितज्ञाचा स्नेह त्याला तरुणपणीच लाभला. शरीर कमावण्याचा आणि मैलोगणती चालण्याचा छंदही तेथलाच.

१९२९ साली मायदेशी आल्यावर त्यांनी प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून अलीगढ येथे अध्यापन केले. अलीगढच्या वास्तव्यातील एक किस्सा गणितज्ञांच्या वर्तुळात अजून सांगितला जातो. वेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एका शोधनिबंधात बोर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या, गणितज्ञाच्या सिद्धांताचा उल्लेख केला. एका सहकाऱ्याची फिरकी घ्यावी, एवढाच त्यात हेतू होता. पुढे फ्रान्समधील तरुण गणितज्ञांच्या एका मंडळाने हेच टोपणनाव धारण करून विसाव्या शतकातील गणिताला नवे वळण दिले. त्या जगप्रसिद्ध नावाचा पहिला छापील उल्लेख अशा रीतीने एका गोमंतकीयाच्या लेखणीतून उतरला!

त्याच वर्षी नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नंतर ते पुण्यास आले व फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. वडिलांनीही पूर्वी याच महाविद्यालयात पाली शिकविली होती. १९४५ पर्यंतची ही बारा-एक वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुपीक वर्षे ठरली.

आकड्यांची वाट

त्यांचे आरंभीचे संशोधन उच्च भूमितीतील होते. वक्र अवकाशातील मार्गांचा जो सिद्धांत त्यांनी मांडला, त्याची दखल एली कार्ताँसारख्या फ्रेंच आचार्याने घेतली. आजही त्या सिद्धांताला कोसंबींचे नाव जोडले जाते. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. हा विषय तुम्हां-आम्हांस समजावून सांगण्याजोगा नाही. म्हणून तेथे न थांबता पुढे जाऊ.

भूमितीकडून ते संख्याशास्त्राकडे वळले. एखादे शास्त्र शिकावयाचे तर ते पुस्तकातून न शिकता एखादा खरा प्रश्न सोडविता सोडविता शिकावे, अशी त्यांची पद्धत होती. १९४३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात यदृच्छेने बदलणाऱ्या राशींचे पृथक्करण करण्याची एक रीत होती. काही वर्षांनी फिनलंडमधील कार्हूनेन आणि फ्रान्समधील लोएव यांनी तीच रीत स्वतंत्रपणे मांडली आणि जगाने त्या दोघांची नावे तिला दिली. चित्रे व ध्वनी यंत्राद्वारे साठविण्याच्या आणि ओळखण्याच्या आजच्या तंत्रात तिचा उपयोग होतो. कोसंबींच्या अग्रमानाची आठवण अभ्यासकांना फार उशिरा झाली.

पेशीतील अंतरे

संख्याशास्त्राची ही वाट त्यांना सजीव पेशीच्या केंद्रापर्यंत घेऊन गेली. १९४४ साली लंडनच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या कामासाठी आज जगातील सर्वाधिक संशोधक त्यांचे नाव घेतात ते हे काम. ते थोडक्यात समजून घेणे अवघड नाही.

प्रत्येक पेशीच्या केंद्रात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात आणि त्या धाग्यांवर माळेतील मण्यांप्रमाणे जनुके ओवलेली असतात. एक धागा आईकडून आलेला असतो, एक बापाकडून. बीजपेशी तयार होताना हे दोन धागे एकमेकांशेजारी येतात आणि त्यांच्या काही तुकड्यांची अदलाबदल होते. दोन मणी जवळजवळ असतील तर त्यांच्या मधोमध धागा तुटून अदलाबदल होण्याचा संभव कमी. दूर असतील तर अधिक. म्हणजे किती संततीत दोन गुणांची फारकत झाली हे मोजले की, न दिसणाऱ्या धाग्यावरील त्या दोन जनुकांमधील अंतर काढता येते. मैलाचे दगड नसलेल्या रस्त्याचे अंतर प्रवाशांच्या गणतीवरून काढावे, तसाच हा प्रकार!

यात एक अडचण आहे. दोन मण्यांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ते दोघे पुन्हा एकाच धाग्यावर येतात, आणि पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते. या लपलेल्या घटनांची भरपाई करण्यासाठी हॉल्डेन यांनी १९१९ साली एक सूत्र दिले होते. परंतु एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीस मुळीच अडथळा करीत नाही, असे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तसा अडथळा होतो. जवळ तो तीव्र असतो आणि अंतर वाढेल तसा ओसरत जातो. कोसंबींनी नेमकी ही वस्तुस्थिती आपल्या सूत्रात बसविली. शंभरांपैकी तीस संततीत फारकत दिसली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ एकके निघते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५. फरक लहान नाही.

आपल्या छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. भाताच्या वाणांतील गुण कोणत्या गुणसूत्रावर कोठे आहेत, याचे नकाशे आज तयार होतात, तेव्हा अंतरे काढण्यासाठी जी सूत्रे वापरली जातात त्यांत कोसंबींचे सूत्र अग्रभागी असते. गहू, मका, कापूस यांची गोष्टही तीच. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, हे सूत्र देणाऱ्या माणसाने प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेले नव्हते. त्याने जीवशास्त्रज्ञांचे आकडे मन लावून वाचले आणि ते आकडे काय सांगू पाहतात, याचा शोध घेतला.

तराजूत तोललेला इतिहास

संख्याशास्त्राचे दुसरे बोट धरून ते गेले नाण्यांकडे. मौर्यकाळी व त्यापूर्वी चांदीच्या तुकड्यांवर वेगवेगळे ठसे ठोकून नाणी पाडीत. त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. तक्षशिलेच्या उत्खननात अशा नाण्यांचा मोठा साठा मिळाला होता. पंडितांमध्ये ठशांच्या अर्थावरून वाद चालू होते. कोसंबींनी वाद बाजूला ठेवून तराजू हाती घेतला.

त्यांचा तर्क साधा होता. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. अधिक वर्षे फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते आणि त्यांच्या वजनांतील आपापसातला फरक वाढलेला असतो. तर्क खरा की खोटा, हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी प्रथम चालू व्यवहारातील ब्रिटिश नाणी मिळवून ती एकेक करून सूक्ष्म तराजूत तोलली. पडताळा मिळाल्यावर मग तक्षशिलेची नाणी. त्या नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान खुणा असतात. वेळोवेळी नाणी पारखणाऱ्यांनी त्या उमटविलेल्या. खुणा जितक्या अधिक तितके वजन कमी, असे नेमके प्रमाण कोसंबींना आढळून आले. ज्या नाण्यांवर सालच नाही त्यांचा आगेमागे क्रम लावण्याचे साधन अशा रीतीने हाती आले. १९४० पासून या विषयावरील त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. हजारो नाणी एकेक करून तोलण्याचे हे काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पना सरकारी कचेरीत जुने तक्ते तपासण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्यास तरी सहज करता येते. विद्वत्तेतील मोठा भाग हा असा हमालीचाच असतो आणि ती हमाली दुसऱ्यावर सोपविणारे बहुधा विद्वान होत नाहीत.

नाण्यांचा क्रम लागला, तेव्हा साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. ही नाणी पाडली कोणी? कोणत्या राजाने, कोणत्या समाजासाठी? त्यासाठी पुराणे, जातके, अर्थशास्त्र वाचणे प्राप्त झाले. संस्कृत भाषा घरातच होती. तिचा अभ्यास त्यांनी नव्याने केला, आणि तोही एखादा प्रश्न हाती घेऊनच. वामन पंडितांच्या समश्लोकीमुळे भर्तृहरी मराठी घराघरांत पोहोचलेला आहे. पण त्याची तीन शतके म्हणून जी काही आपण वाचतो त्यांतील खरे श्लोक कोणते आणि मागाहून भरती केलेले कोणते? कोसंबींनी देशभरातून शेकडो हस्तलिखिते मिळविली. त्यांच्या पाठांच्या परंपरा वेगळ्या केल्या. सर्वत्र आढळणारे श्लोक कोणते, काही ठिकाणीच आढळणारे कोणते, याची छाननी केली, आणि १९४८ साली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुढे १९५७ साली वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डच्या ग्रंथमालेत संपादित केला. नाणी असोत वा श्लोक, मोजणे, वर्ग पाडणे, क्रम लावणे ही रीत तीच होती.

पायांखालचा पुरावा

येथवर आल्यावर त्यांना एक गोष्ट जाणवली. ग्रंथ लिहिणारे थोडे. न लिहिणारे असंख्य. नांगर धरणारा, मेंढ्या वळणारा, जंगल तोडून शेत करणारा यांनी काहीच लिहून ठेवलेले नाही. मग त्यांचा इतिहास शोधावयाचा कोठे? कोसंबींचे उत्तर होते : दारातून बाहेर पडा आणि चाला.

टोकाला छिन्नीसारखे पाते बसविलेली काठी हाती घेऊन ते पुण्याभोवतालच्या टेकड्या हिंडू लागले. घराजवळच्या वेताळ टेकडीपासून आरंभ झाला. जेथे इतरांना खडे दिसत तेथे त्यांना गारगोटीसारख्या दगडाची इवलीशी पाती सापडत. धातू ठाऊक नसलेल्या माणसाने कातडी सोलण्यासाठी, कापण्यासाठी घडविलेली ही सूक्ष्मास्त्रे. ती कोठे सापडतात आणि कोठे सापडत नाहीत याची नोंद करता करता त्यांच्या ध्यानात आले की, त्यांची एक रेषा बनते. ती प्राचीन माणसाची ये-जा करण्याची वाट होती.

आणि त्याच वाटांवर आजचा धनगर चालत होता. पावसाळ्यात ओल्या भूमीत मेंढ्यांचे खूर कुजतात. म्हणून धनगर ते चार महिने पूर्वेकडील कोरड्या पठारावर काढतो आणि पुढे पश्चिमेकडे वळतो. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, कारण त्यांच्या लेंडीचे खत शेताला मिळते. मोबदल्यात धनगराला धान्य वा पैसा मिळतो. या वाटेवर गावाच्या शिवेबाहेर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो, बोल्हाई असते, तुकाई असते. पंढरीच्या पालख्यांचे मार्गही काही ठिकाणी याच अतिप्राचीन वाटांशी जुळतात, असे त्यांनी दाखविले. जुन्नरच्या लेण्यांतील दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखात आलेले मानमुकुड हे नाव आणि त्याच डोंगरावरील आजच्या मानमोडी देवीचे नाव यांची सांगड त्यांनी घातली. ग्रंथात नाव नसलेली देवता लोकांच्या जिभेवर दोन सहस्रके टिकून राहिली होती!

लोक स्थिर नसतात, चालत असतात. आणि त्यांच्या चालण्याच्या खुणा भूमीवर, देवतांत, आडनावांत व भाषेत शिल्लक राहतात. त्या वाचणे म्हणजेच इतिहास वाचणे होय. 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' (१९५६), 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीचा आढावा घेणारा १९६५ सालचा ग्रंथ ही त्यांची तीन पुस्तके याच भूमिकेतून लिहिलेली आहेत. राजांची वंशावळ पाठ करण्यापेक्षा लोक काय पिकवीत, कोणत्या अवजाराने पिकवीत आणि पिकविलेले कोण घेऊन जाई, हे विचारणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. ते मार्क्सवादी होते. पण पोथीनिष्ठ नव्हते. युरोपच्या इतिहासाचे साचे भारतावर जसेच्या तसे बसविणाऱ्या स्वमतीयांवरही त्यांनी कठोर टीका केली. त्यांची सर्वच अनुमाने पुढील संशोधकांनी मान्य केली आहेत असे नाही. काही नव्या उत्खननांनी बाद ठरली, काहींवर अद्याप वाद आहे. पण त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र कोणालाही टाळता आलेले नाहीत.

उत्कर्ष आणि एकाकीपण

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि अगदी आरंभीच्या काळातच कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावून घेतले. पुण्याचे घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईस जा-ये करीत. १९४८-४९ मध्ये त्यांनी अमेरिका व इंग्लंडचा प्रवास केला, त्या काळी नव्याने निर्माण होत असलेल्या विद्युत् गणकयंत्रांचा अभ्यास केला, शिकागो विद्यापीठात भूमिती शिकविली. जागतिक शांतता चळवळीत त्यांनी हिरिरीने भाग घेतला. रशिया आणि चीन येथे ते जाऊन आले.

याच सुमारास मतभेदांना प्रारंभ झाला. भारतासारख्या निर्धन पण सूर्यप्रकाशाने संपन्न देशाने अणुशक्तीवर प्रचंड खर्च करण्यापेक्षा सौरशक्तीच्या संशोधनाकडे वळावे, असे कोसंबी जाहीरपणे सांगत. ज्या संस्थेत आपण काम करतो तिचे संचालक हेच देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख आहेत, म्हणून मत राखून बोलावे, ही व्यवहारचतुराई त्यांच्यापाशी नव्हती. आज गावोगावच्या छपरांवर सौर तबकड्या दिसतात, तेव्हा त्या एकाकी आवाजाची आठवण होते.

दुसरे कारण गणितातलेच होते, आणि तेथे दोष त्यांच्याकडे होता हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. रीमान यांनी १८५९ साली मांडलेले मूळ संख्यांविषयीचे अनुमान गणितातील सर्वांत कठीण कोड्यांपैकी एक मानले जाते. संभाव्यतेच्या मार्गाने आपण ते सोडविले, असे कोसंबींना वाटले. १९५९ साली त्यांनी आपला निबंध कृषि-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. ते अनुमान अद्यापही असिद्धच आहे. ज्याने प्रत्येक नाणे तोलल्याशिवाय विधान केले नाही, त्याच माणसाने येथे तोल गमावला. १९६२ साली संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी अशी संपली.

त्याच वर्षी 'मिथ अँड रिॲलिटी' प्रसिद्ध झाले, हे मात्र विसरू नये. नोकरी गेली, चालणे आणि लिहिणे थांबले नाही. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना जागा मिळाली. तथापि प्रकृती साथ देईनाशी झाली होती. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर बाकी होता. वडील धर्मानंदांनी १९४७ साली सेवाग्राम येथे अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला होता. मुलगा श्रमाने झिजून गेला. मरणोत्तर सन्मान आले. २००८ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांची कन्या डॉ. मीरा कोसंबी यांनी समाजशास्त्राच्या क्षेत्रात स्वतंत्र कीर्ती मिळविली आणि आजोबा धर्मानंदांचे लेखन इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविले.

आपल्यासाठी काय?

कोसंबी रायपूरला आले होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. त्यांची दृष्टी मात्र येथे आणता येते. महानदीच्या काठच्या सिरपूरचे उत्खनन १९५० च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकानेच केले. रायपूर परिसरातील तारापूर येथे आहत नाण्यांचा साठा मिळालेला आहे. १८७५ सालापासून चालत आलेले महंत घासीदास संग्रहालय आपल्याच शहरात आहे. आपल्यापैकी कितीजण मुलांना घेऊन तेथे जातात? पुण्याच्या म्हसोबाप्रमाणे येथे गावोगावच्या शिवेवर ठाकुरदेव आहे, तलावाच्या काठी शीतला माता आहे. कच्छकडील रबारी मेंढपाळ उंट आणि मेंढ्यांचे कळप घेऊन आजही छत्तीसगडच्या मैदानातून हिंडताना दिसतात, आणि शेतकरी त्यांच्याशी जो व्यवहार करतो तो मावळातील धनगराच्या व्यवहाराहून फारसा वेगळा नाही. धानाची कापणी आटोपल्यावर येथील शेतमजूर कमावण्या-खाण्यासाठी परप्रांताची वाट धरतो. कोसंबींनी हे सारे पाहिले असते तर वही काढून टिपून घेतले असते.

आणि आपण स्वतः? आपणही चालत आलेलेच लोक आहोत. १७४१ साली भास्करपंतांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपुरावर आली. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. १८५४ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला. नंतर शाळा, कचेऱ्या, रेल्वे आणि कारखाने यांच्या निमित्ताने एकेक कुटुंब येत राहिले. यांतील राजांची आणि सुभेदारांची नावे पुस्तकात आहेत. पण ब्राह्मणपाऱ्यातील अमुक घराणे कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कारणाने आले. सोबत कोणती कुलदेवता आणली. येथील कोणते सण उचलले. आजीच्या मराठीत छत्तीसगडी शब्द केव्हा शिरले, याची नोंद कोठे आहे? ती वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि दरवर्षी त्यांतील काही कायमची पुसली जात आहे. सुवर्णमहोत्सवातील नाट्यप्रयोग आणि सत्कार यांचे महत्त्व कमी नाही. तथापि मंडळाच्या तरुण सभासदांनी एक वही घेऊन घरोघर जावे, विचारावे, लिहून घ्यावे आणि मग त्या नोंदी मोजून, लावून पाहाव्यात. त्यास पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. चालण्याची आणि कंटाळा न करण्याची तयारी लागते. असे झाल्यास शतक महोत्सवाच्या स्मरणिकेला आपल्यापेक्षा अधिक भक्कम सामग्री मिळेल.

पेशीतील न दिसणाऱ्या धाग्यावरील अंतर ज्याने आकड्यांनी मोजले आणि डोंगरावरील पुसट पाऊलवाट ज्याने पायांनी मोजली, त्या ज्ञानतपस्व्याला मंडळाच्या वतीने हे विनम्र अभिवादन.